परसातल्या शिडीचा राग

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी शिडी आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी हळुवार सांगावी, आवाज चढवू नये, अशी रीत आहे. ती मी आज मोडणार आहे. मला राग आलेला आहे, आणि तो पोटात ठेवायला माझं पोटच आता जाग्यावर नाही. ते वाळवीनं खाल्लं. ते का आणि कुणामुळे खाल्लं गेलं, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

मला एका सुतारानं घडवलं. लाकूड साधंच होतं, पण त्यानं प्रत्येक पायरी खाच पाडून घट्ट बसवली, नुसत्या खिळ्यांवर भागवलं नाही. परसात मला भिंतीला टेकवून उभं केलं, तेव्हा त्यानं माझ्या दोन्ही पायांखाली एकेक सपाट दगड सरकवला आणि घरमालकाला बजावलं, "हिचे पाय मातीला लागू देऊ नका. मग ही तुमच्या नातवंडांनाही पुरेल." तो घरमालक होता तोवर ते दगड हलले नाहीत. दर वर्षी मला तेलाचा हातही मिळायचा.

त्या घराच्या गच्चीला जिना नव्हता. मीच जिना होते. टाकी धुवायला माणसं माझ्यावरून जात, भिंती रंगवायला माझ्यावर उभी राहत, आणि दुपारी सगळे झोपले की पोरं गुपचूप माझ्यावर चढत. शेजारी मला उसनी नेत आणि परत आणून देताना म्हणत, "शिडी असावी तर अशी!" तेव्हा माझी छाती फुगायची. खोटं कशाला सांगू?

या सगळ्यांत एक पाऊल मात्र वेगळं होतं. ते घरच्या थोरल्या लेकीचं. घरात सगळेच तिला ताई म्हणत. तिचा एक नेम होता. सकाळी अंघोळ झाली की एका हातात पाण्याची वाटी आणि पदराच्या टोकात मूठभर दाणे घेऊन ती गच्चीवर जायची आणि पाखरांना चारापाणी ठेवायची. त्याआधी ती तोंडात पाण्याचा थेंब घेत नसे. चढण्यापूर्वी माझ्या पायरीला हात लावून हलकेच म्हणायची, "सांभाळ हं बाई." केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरू लागले, तरी तो नेम चुकला नाही. आणि मीही तिला सांभाळलं.

मग म्हातारा घरमालक गेला आणि कारभार ताईच्या धाकट्या भावाकडे आला. हा माणूस वाईट नव्हता. पण त्याचं प्रत्येक वाक्य "खात्रीनं सांगतो" पासून सुरू व्हायचं. सगळी आळी त्याला मागून खात्रीवाले म्हणायची. एके दिवशी त्याला कपडे धुण्याचं यंत्र हलू नये म्हणून टेकण हवं होतं. त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि माझ्या पायांखालचे दगड काढून नेले. मी थेट ओल्या मातीत उभी राहिले. बायको म्हणाली, "अहो, ते मामंजींनी मुद्दाम जपलेले दगड आहेत." तर म्हणतो कसा, "शिडीला कसलं पायपुसणं लागतं? खात्रीनं सांगतो, काही होत नाही."

मित्रांनो, माझा राग इथून सुरू होतो.

भिंतीच्या फटीत काळ्या मुंग्यांचं घर होतं. त्या माझ्यावरून उघड्यावर, भर उन्हात, रांगेनं ये-जा करायच्या. गुदगुल्या व्हायच्या, पण मी त्यांना कधी ओझं मानलं नाही. कारण मातीतून जेव्हा पहिल्यांदा पांढुरक्या, मऊ अंगाच्या वाळवीनं माझ्या तळव्याला तोंड लावलं, तेव्हा याच मुंग्या धावून आल्या. एकेक वाळवी जबड्यात धरून ओढत न्यायच्या. माझे ते पहारेकरी होते.

एका दमट संध्याकाळी मागच्या दाराच्या दिव्याभोवती पंखवाल्या किड्यांचा थवा उठला. सकाळी माझ्या पायाशी पंखांचा खच पडला होता. पंख होते, किडे नव्हते. खात्रीवाले चहाचा कप घेऊन दारात आले आणि उभ्या उभ्या निकाल देऊन मोकळे झाले.

"मुंग्या आहेत. पंखाच्या. खात्रीनं सांगतो."

आणि त्यांनी मुंग्यांचा खडू आणला. माझ्या पायांभोवती रिंगण काढलं, भिंतीची फट पांढरी केली. दुपारपर्यंत माझे पहारेकरी पाय वर करून पडले होते. ज्यांनी मला वाचवलं, ते मेले. जे मला खात होते, ते जमिनीखालून येत होते. त्यांना त्या खडूचं काय! सांगा, मी रागावू नको तर काय करू?

बायकोला मात्र चैन पडेना. तिनं एक मेलेली मुंगी आणि दिव्याखाली सापडलेला एक पंखवाला किडा बशीत शेजारी शेजारी ठेवले आणि नवऱ्यापुढं धरले.

"अहो, नीट बघा तरी. मुंगीची कंबर कशी दोऱ्यानं आवळल्यासारखी बारीक आहे. याला कंबरच नाही, खालीवर सारखाच. मुंगीच्या मिशा कोपरात वाकलेल्या आहेत, याच्या सरळ, मणी ओवल्यासारख्या. आणि याचे चारी पंख एकाच मापाचे, अंगाहून लांब. पंखवाल्या मुंगीचे पुढचे मोठे असतात, मागचे लहान."

"तू आता किड्यांच्या कंबरा मोजत बस."

"आणि शिडीच्या मागच्या अंगाला ती मातीची रेघ आहे, ती कसली?"

"चिखल उडालाय."

"चिखल खालून वर, नळीसारखा सरळ उडतो होय?"

त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. मित्रांनो, ती मातीची नळी म्हणजे वाळवीचा झाकलेला रस्ता. मुंगी उजेडात चालते, वाळवी उजेडाला तोंड दाखवत नाही. ती रेघ नखानं फोडली असती तरी खरं काय ते दिसलं असतं. त्यासाठी फक्त वाकायला हवं होतं. पण हा माणूस वाकेना! आपल्याच परसात, आपल्याच शिडीपुढं गुडघे टेकायला त्याचं काय जात होतं?

आणि इकडं रोज सकाळी ताईचं पाऊल माझ्यावर पडत होतं.

वरून मी होते तशीच दिसत होते. आत माझा कागद झाला होता. ती चढली की मी उरलेसुरले धागे आवळून धरायची. तिला काहीतरी कळलं असावं. एकदा तिनं बोटाच्या पेरानं माझ्या दांड्यावर टकटक केलं आणि कान लावला.

"अरे, ही पूर्वी भरीव वाजायची. आता रिकाम्या डब्यासारखी वाजते."

"वय झालं तिचं. तुझ्या-माझ्यासारखं," भाऊ हसला.

"ताई, उद्यापासून तुम्ही चढायचं नाही," बायको म्हणाली. "मी अंगणातल्या कट्ट्यावर वाटी ठेवत जाईन."

"पाखरं गच्चीवर येतात गं. इतक्या वर्षांचा नेम आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटी हातात घेऊन ताई आली. बायको तिच्या आडवी उभी राहिली. आवाज ऐकून खात्रीवाले बाहेर आले, तेच मुळी चिडून.

"काय तमाशा लावलाय? मी चढून दाखवतो. मग तरी तोंडं बंद होतील ना?"

त्यांनी माझे दांडे पकडले. मित्रांनो, त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते लपवत नाही. म्हटलं, चढ बाबा. चांगला वरपर्यंत चढ. दगड काढलेस, पहारेकरी मारलेस, आता तुला तुझ्या खात्रीसकट खाली आणते.

पण माझ्या दांड्यावर आणखी एक हात आला. ताईचा. वाटी खाली ठेवून, भाऊ पडू नये म्हणून ती मला धरून बरोबर खाली उभी राहिली होती. सवयीनं म्हणाली, "सांभाळ हं बाई."

वरून तो पडला असता, तर तिच्याच अंगावर.

त्यानं पहिल्या पायरीवर भार टाकला आणि दुसरा पाय उचलला, तेवढ्यात मी धरून ठेवलेलं सगळं सोडून दिलं. माझा उजवा पाय पापडासारखा चुरला. खात्रीवाले मातीत दणकन बसले. ताईला धक्कासुद्धा लागला नाही. माझ्या फुटलेल्या पायातून पांढरी वाळवी भसाभस बाहेर पडली. त्यांच्या मांडीवर, तळहातावर वळवळू लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते वाळवीकडं जवळून बघत होते. तेही स्वतःहून वाकून नव्हे, पडल्यामुळे.

मग बायको शांतपणे म्हणाली, "आता सांगा खात्रीनं. काय आहे हे?"

"कंबर नाही याला," ते पुटपुटले.

त्याच दिवशी मागच्या दाराची चौकट ठोकून पाहिली. तीही खालून पोकळ निघाली. औषध मारणारी माणसं आली, जमिनीत औषध मुरवलं, चौकट बदलली. गच्चीला लोखंडी शिडी आली. माझा खालचा भाग कापून जाळला. वरचा शाबूत होता, तो ताईनं मागून घेतला. आता मी अंगणात कमरेइतकी उभी आहे, माझ्या वरच्या पायरीवर पाखरांची वाटी आहे, आणि पाखरं खाली येऊ लागली आहेत. माझ्या पायांखाली ते दोन दगड परत आले आहेत. यंत्राखाली काय ठेवलं ते मला ठाऊक नाही, मी विचारणारही नाही.

मित्रांनो, पंख असलेलं सगळंच मुंगी नसतं. खडू हातात घेण्याआधी कंबर बघा, मिशा बघा, मातीची नळी फोडून बघा, लाकूड वाजवून ऐका. तुमच्या घरात कुणी टकटक करून "हे पोकळ वाजतंय" म्हणालं, तर हसू नका. आणि आमचे पाय मातीत टेकवू नका.

परवा दोन काळ्या मुंग्या माझ्यावर चढल्या. खात्रीवाल्यांनी त्या पाहिल्या. हात सवयीनं खिशातल्या खडूकडं गेला. माझं अंग पुन्हा तापलं. मग ते थांबले, गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत कण्हत माझ्यासमोर उकिडवे बसले आणि डोळे बारीक करून बघत राहिले.

खडू खिशातच राहिला.

मी अजून त्यांना माफ केलेलं नाही. पण त्या मुंग्या वरपर्यंत गेल्या आणि सुखरूप खाली उतरल्या.