चारशे ग्रॅमची झोळी

माझी मुलगी झुसेलिया जुलैत नऊ दिवस जंगलात चालत जाणार होती, कास्तान्याची, म्हणजे कडक कवचाच्या बिया देणारी उंच झाडं मोजायला. वस्तीच्या बैठकीत चौघांची निवड झाली, त्यात ती होती. पण बाळंतपणापासून तिची कंबर धरते. पाठीवर दहा किलोंच्या वर ओझं घेतलं की तिसऱ्या दिवशी वाकता येत नाही. ओझं झेपलं नाही तर तिच्या जागी दुसरं कोणी जाणार होतं. ओझ्यात खाण्यापिण्याचं कमी करता येत नव्हतं. उरली झोपायची झोळी. घरची सुती झोळी कोरडी असताना दोन किलो भरते, आणि भिजली की विचारू नका.

म्हणून आम्ही बापलेक नावेने शहरात गेलो, दोना इवोनेतेच्या, म्हणजे इवोनेतेबाईंच्या दुकानात.

“ही घे,” दोना इवोनेते म्हणाली. “रुंद आहे, नवराबायको दोघं मावतात.”

“नवरा पळाला, दोना इवोनेते. एकटीपुरती दाखवा,” झुसेलिया म्हणाली.

मग तिने पॅराशूटच्या कापडाची एक झोळी काढली. मुठीत मावेल एवढी घडी. तांदळाच्या काट्यावर ठेवली तर चारशे ग्रॅम. मी पाकिटावरची अक्षरं एकेक करून लावली. दोनशे किलो पेलते, असं लिहिलं होतं.

“सेउ देउदा, तुम्ही कधीपासून वाचायला लागलात?” दोना इवोनेतेने मला विचारलं.

“साठीनंतर.”

“मग उगीच घाई करू नका. दुकान सहापर्यंत उघडं आहे.”

झुसेलियाने दुकानाच्या दोन खांबांना दोर बांधून ती लोंबती ठेवली आणि आत शिरली. आम्ही झोळीत तिरके झोपतो, त्याने पाठ सरळ राहते. ही अरुंद, तिरकं होता येईना. तरी ती हसली. “बाबा, केळफुलात शिरल्यासारखं वाटतंय. पण पाठीला गार लागतंय हो.”

दोना इवोनेतेने लगेच एक जाड अस्तर पुढे केलं. झोळीच्या खालून बांधायचं, वजन नऊशे ग्रॅम.

“हे कशाला?” मी म्हणालो. “चाळीस वर्षं रबराचा चीक काढत जंगलात झोपलो. खाली निखारे ठेवायचे, की झालं. अस्तर म्हणे!”

झुसेलिया माझ्याकडे बघत राहिली, मग तिने अस्तर परत दिलं. मच्छरदाणी, वरून ताणायचं प्लॅस्टिक, दोर, एक पातळ चादर. खाणंपिणं धरून सगळं मिळून साडेनऊ किलो झालं. परतीच्या नावेत मी सगळ्यांना सांगत होतो, झोळी मी निवडली म्हणून.

ती गेली, आणि चौथ्या दिवशी सकाळी दक्षिणेचा वारा सुटला. ही आमच्याकडची फ्रियाझें, थंडीची लाट. जुलैत आमच्याकडे कोरडा उन्हाळा असतो, त्याच्या मध्यात येते, तीन-चार दिवस राहते. कोंबड्या माळ्यावरून उतरेनात. कुत्रा चुलीत शिरायला बघत होता.

माझी बायको अल्झेनिरा कसाव्याचे कंद किसत होती. “पोरीकडे पांघरायला काय आहे?”

“चादर आहे. झोळीखाली निखारे ठेवतील.”

तिचा हात थांबला. “निखारे? पाऊस येईपर्यंत जंगलात काडी ओढायची नाही, असं बैठकीत ठरलं ना? तुम्हीही हात वर केला होता.”

केला होता. पण मला वाटलं, ते शेत जाळण्याबद्दल आहे. झोळीखालची ओंजळभर धग ही आग आहे, असं माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. आयुष्यभर ती खाली असायचीच. त्यामुळे झोळीत थंडी खालून शिरते, हे मला कधी कळलंच नाही.

“ती पेटवणार नाही,” अल्झेनिरा म्हणाली. “नियम सांगायला तीच तर घरोघर फिरली.”

मी घोंगडी खांद्यावर टाकली आणि निघालो. दुसऱ्या ओढ्यावर ओंडक्याचा पूल आहे. मधोमध गुडघा लटपटला. बसून, सरकत सरकत काठाला आलो. पुढच्या काठाला नव्हे, मागच्या. ती तीन दिवसांच्या वाटेवर होती आणि मी दोन ओढेही ओलांडू शकलो नाही. दुपारी घरी पोचलो. अल्झेनिराने घोंगडी काढून घेतली.

शेजारचा बेनेवाल म्हणाला, “अहो, चौघं आहेत. अंगाला अंग लावून झोपतील.”

“झोळीत?” अल्झेनिरा म्हणाली.

आठव्या दिवशी दुपारी ते आले. लांब बांबूला ती झोळी बांधलेली, झोळीत झुसेलिया. दोघांच्या खांद्यावर बांबू, तिसऱ्याच्या पाठीवर सगळ्यांचं सामान. तिचा श्वास शीळ घातल्यासारखा वाजत होता.

“गारठ्याच्या दुसऱ्याच रात्री ताप भरला,” पुढचा ओझिमार म्हणाला. “मी म्हटलं, थोडी पेटवू या, कोण बघतंय? तिने ऐकलं नाही.”

“मला एक टोक द्या.”

“तुम्ही बुटके, सेउ देउदा. बांबू कलतो. ती घसरेल.”

मी झोळीच्या बाजूने चालत राहिलो. तिने डोळे उघडले.

“बाबा, दोर तुटला नाही हं. चांगली निवडलीत.”

मी चालता चालता तिच्या पाठीखाली झोळीला हात लावून धरला.

तिला शहरातल्या दवाखान्यात न्यायचं होतं. बेनेवालची नाव अरुंद. झुसेलिया आडवी झाली, अल्झेनिरा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली, बेनेवाल मोटरपाशी. आणखी एक माणूस बसला तर नाव वाळूला घासेल, नदीला पाणीच उरलं नव्हतं. कोणी मला नको म्हणालं नाही. तशी वेळच मी येऊ दिली नाही, काठावरच थांबलो.

शहर सहा तासांवर. वळणाआड गेल्यावरही मोटरचा आवाज बराच वेळ ऐकू येत होता, मग एकदम बंद झाला. नाव लांब गेली, की वाळूत रुतली, ते काठावरून कळायला मार्ग नव्हता.