झोळामागची जागा

माझ्या बहिणीला डेंग्यूनं नेलं. ती अभ्यास फ्लूच्या विषाणूचा करत होती. म्हणजे वाचलं एक आणि पेपरला आलं दुसरंच. हे मी तिच्या तेरवीला बोललो तेव्हा कोणी हसलं नाही. हसली असती ती एकटीच, आणि तेरवी तिचीच होती.

नंदिनी नागपूरला होस्टेलवर राहायची. सुटीत अड्याळजवळच्या आमच्या घरी आली की आम्हा ढिवरांच्या अंगणात विषाणू शिकवायची. फ्लूच्या विषाणूचा सगळा संसार म्हणजे आरएनएचे आठ तुकडे. आजारी पेशीत प्रत्येक तुकड्याच्या नकलांचे ढीग पडलेले असतात, वर पेशीचा स्वतःचा आरएनए गर्दी करून असतो. त्या बाजारातून नवा विषाणू प्रत्येकातला एकेकच उचलतो आणि आठ भरले की बाहेर पडतो. मी म्हटलं, आपण आठ जण बाजाराला निघालो तर लिलाधरकाका घरी राहतात आणि त्यांची चप्पल बाजारात पोचते. ह्या तुकड्यांना मोजतं कोण?

"कोणी नाही मोजत," ती म्हणाली. "टोकाले खुणा रायतात, शेजारचा शेजारच्याले धरते. सात गोल, एक मधात. आपलं जाळं कसं ओढतो, तसंच."

आमचं ओढायचं मोठं जाळं आठ जणांचं आहे. बाबा, आई, काका, काकू, काकांची दोन पोरं आणि मी दोऱ्या धरून गोल करतो. मध्ये जाळ्याचा झोळ असतो, मासे तिथं जमतात. झोळामागं एक जण पायानं गाळ चाचपत चालतो आणि कमळाच्या मुळांत जाळं अडकलं की सोडवतो. ती जागा नंदिनीची. आई उजव्या दोरीवरून तिला सारखी ओरडायची, पाय घासत चाल म्हणून. पीएचडीवाल्या पोरीला कसं चालावं हे सांगणारी जिल्ह्यात आमचीच आई असावी.

पावसाळा सरता सरता नंदिनी गेली. डेंग्यूच्या विषाणूला आठ तुकडे जमवावे लागत नाहीत. त्याचा संसार एकाच तुकड्यात मावतो. तो एकटाच येतो.

उन्हाळ्यात तलाव आटला. पाणी कमरेवर आलं, मासे तोंडं वर काढून श्वास घेऊ लागले. आता ओढले नाहीत तर सगळे मरणार, हे बाबांना म्हणजे मोतीलाल ढिवरांना कोणी सांगायची गरज नव्हती. पण आईनं सांगून ठेवलं होतं की झोळामागं कोणी उभं राहायचं नाही. शेजारचा नाही, घरचा नाही, देवानंद तर मुळीच नाही. देवानंद म्हणजे मी. कोणी उभं राहिलं तर ती दोरीला हात लावणार नव्हती.

म्हणून सात जणांनी जाळं ओढलं. मधेच झोळ मुळांत अडकला, खालची दोरी वर आली आणि रोहू आमच्या पायांमधून, ओळखीच्या घरातून निघावेत तसे, निवांत निघून गेले. आम्ही काठावर येऊन उभे राहिलो.

तेवढ्यात बांधावरून नंदिनीची निळी बॅग आली. बॅगेखाली एक मुलगी होती. ही तृप्ती, नंदिनीच्याच प्रयोगशाळेतली, शहापूरच्या शेतकऱ्यांची पोरगी. होस्टेलवर राहिलेलं सामान द्यायला ती एसटीनं आली होती. पाणी प्यायल्यावर तिनं मोबाइलवर एक फोटो उघडून आईपुढं धरला.

"हे तिचं शेवटचं काम, काकू. विषाणूचा एक तुकडा तिनं पेशीले मुद्दाम दिला नव्हता. सातच दिले."

फोटोत विषाणूच्या गोल कड्यात त्याच्या तुकड्यांचे काळे ठिपके होते. काकांनी बोट लावून मोजले आणि आठ आहेत म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची मोजणी बरोबर आली.

"हो. सात दिले तरी आठ भरले," तृप्ती म्हणाली. "आठवा त्याचा नाही. पेशीतलं जे जवळ सापडलं ते घेतलं त्यानं. जपानात हे आधी कोणी पाह्यलं होतं, पण तिले स्वतः पाहायचं होतं."

"मंग पाह्यलं तिनं?" आईनं विचारलं.

"नाही. फोटो आला तेव्हा ती दवाखान्यात होती."

आईनं मोबाइल स्वतःच्या हातात घेतला.

"असा जगते का तो?"

इथं मी खोटं बोललो असतो. सगळेच बोलले असते.

"नाही, काकू. नीट बांधला जाते, बाहेरही पडते. पण पुढं त्याचं काही चालत नाही."

आईनं मोबाइल परत दिला.

"पोहता येते तुले?"

"नाही."

"कमरेइतकंच पाणी हाय. चपला काढ."

दुसऱ्या खेपेला तृप्ती झोळामागं दोनदा पडली. मुळांपाशी जाळं थांबलं तेव्हा तिला काय करावं कळेना. ते सांगण्याचा हक्क एकाच माणसाचा होता.

"पाय घासत चाल," उजव्या दोरीवरून आई म्हणाली. ओरडली नाही.

तृप्तीनं पाय घासले. जाळं सुटलं.

मासे आले. निम्मे तर आधीच निसटले होते, पण आले. आईनं निळी बॅग उघडली, आतले कपडे एकेक करून काढले, छातीशी धरून काकूंच्या हाती दिले. मग रिकाम्या बॅगेत पळसाची पानं अंथरून सगळ्यात मोठा रोहू ठेवला, चेन लावली आणि बॅग तृप्तीला दिली.

अड्याळच्या स्टँडवर तिला सोडायला मी गेलो. तेव्हा तिनं सांगितलं की तिच्या घरी कोणी मासे खात नाही, तीसुद्धा नाही.

मी म्हटलं, दे इकडं, परत नेतो.

ती एसटीत चढली, खिडकीशी बसून तिनं बॅग मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली. शेजारच्या बाईनं नाकाला पदर लावला.