पिवळ्या रेघेच्या आत

दहा मिनिटांचं काम, म्हणून तारमास्तरांनी रेडिओ-यंत्राचा प्लग काढला नाही. टेलिफोन खात्यात तीस वर्षं खांबांवर चढलेला हा माणूस, निवृत्तीनंतर स्वतःच्याच गच्चीवर, स्वतःच बांधलेल्या पिंजऱ्यात अडकला.

हौशी रेडिओवाल्यांतही फार लांब लहरींच्या नादी लागणारे मोजकेच, आणि मास्तर त्यातले. त्या लहरींपुढे गच्चीवरची तार फारच आखूड पडते. म्हणून तिच्या मुळाशी तांब्याच्या तारेचं पिंपाएवढं वेटोळं बसवावं लागतं. खालच्या खोलीतल्या यंत्राची ताकद दोन बल्बांएवढी असली, तरी या वेटोळ्याच्या माथ्यावर हजारो व्होल्ट चढतात. हात लागला तर मांस आतपर्यंत भाजतं. म्हणून भोवती हा लाकडी पट्ट्यांचा पिंजरा. लोखंडाचा एक खिळा नाही, पट्ट्यांच्या फटीतून बोट जाणार नाही, दार रबराने आपोआप मिटतं आणि अडसर बाहेरून पडतो. बाहेरचा माणूस आत जाऊ नये याचा त्यांनी किती म्हणून विचार केला होता. आतल्याचा विचार करायचं तेवढं राहून गेलं.

दूरच्या गावातला एक घड्याळजी रोज पाचला त्यांचे मोर्सच्या टिंब-रेघांतले संकेत ऐकायचा. काल त्याने कळवलं की आवाज मंदावलाय. मास्तरांनी लगेच ओळखलं, चिनी मातीच्या इन्सुलेटरांवर काजळी बसली असणार. त्यावर दमट हवा लागली की ताकद तिथेच गळते. ओलं फडकं आणि पाना घेऊन ते आत शिरले आणि पाठीमागे अडसर खट्‌कन पडला.

पाचला वीस कमी होते. पाचच्या ठोक्याला यंत्र आपोआप सुरू होणार आणि चाळीस मिनिटं चालणार. वेटोळं नाकासमोर वीतभर. तारेचं बळ जमिनीत उतरवायची काठी बाहेर टांगलेली, नियमाप्रमाणे. मास्तरांनी खांद्याने दार रेटून पाहिलं. ते हललंही नाही. स्वतःच्या कारागिरीला त्यांनी पहिल्यांदाच शिव्या घातल्या. उजवा गुडघा आताच कुरकुरायला लागला होता, आणि तो दगा देणार तर पुढेच देणार.

हाक मारून उपयोग नव्हता. खाली बायकोच्या स्वयंपाकघरात पंख्याची घरघर. शिवाय ती वर यायचीच नाही. गेल्या वर्षी तिने तारेच्या आधाराच्या दोरीवर ओली चादर वाळत घातली, तेव्हा मास्तरांनी गल्लीला ऐकू जाईल असा तमाशा केला होता. दुसऱ्या दिवशी गच्चीच्या दाराशी, तिने यापुढे यायचं नाही म्हणून, पिवळी रेघ मारली आणि तिच्या अकरा कुंड्या खालच्या अंधाऱ्या बोळात नेऊन ठेवल्या. सात मेल्या. त्यानंतर तिने गच्चीवर पाऊल ठेवलं नाही. तेव्हा मास्तरांना वाटलं होतं, बरं झालं, कटकट गेली.

पिंजरा जिन्याच्या भिंतीला टेकून होता; ठोके तिच्यातून खाली उतरतील म्हणून त्यांनी पान्याने ती ठोकायला सुरुवात केली. ठोकाठोक तर रोजचीच, तिला काय कळणार? मग एकदम आठवलं. रोज संभाषण संपलं की ते समाप्तीचा संकेत पाठवत, आणि तो कानावर पडला की ती चहा टाकत असे. तेवढा एकच संकेत तिला पाठ होता. टिंबाला टोला, रेघेला घासणं: मास्तरांनी तीन टोले दिले, पाना घासला, टोला, पुन्हा घासला. पुन्हा पुन्हा तेच. घामाने पाना निसटत होता.

पाचला सहा कमी असताना ती दाराशी आली. संभाषण सुरू व्हायच्या आधीच संपलं कसं, हे बघायला आली असावी. रेघेशी थांबली. पिंजरा पाहिला, त्यातला नवरा पाहिला.

"अडसर काढ," मास्तर म्हणाले. "लवकर."

ती वळली आणि खाली गेली.

 एका वर्षाचा राग हा असा निघाला, मास्तरांना वाटलं, आणि निघाला तर चूक तरी काय होती? त्यांनी पोट आत ओढलं, डोळे मिटले. कुठल्याशा घरातल्या घड्याळाने पाचचे ठोके दिले. गुडघा वाकला आणि कपाळ वेटोळ्याला टेकलं.

काहीच झालं नाही.

डोळे उघडले तर ती रेघेच्या पलीकडे उभी होती. हातात यंत्रापासून सोडवून आणलेली वायर, टोकाला प्लग लोंबत होता.

"आधी प्लग, मग काठी, मग दार. भिंतीवर तुम्हीच लिहिलंय," ती म्हणाली. मग पायाशी बघून विचारलं, "रेघ ओलांडू?"

 मास्तरांनी मान हलवली, पण फटींतून ती तिला दिसली नसावी.

"ये," ते म्हणाले. "कुंड्या घेऊन ये."

"चारच उरल्यात," ती म्हणाली, आणि काठी घ्यायला पुढे झाली.