काळ्या पडद्यातली सासू

भर मे महिन्याच्या दुपारी महाल भागातल्या गोपाळरावांच्या घरात पंचवीसेक माणसं दाटीनं बसली होती. समोरचा टीव्ही काळाठिक्कर. त्यातून बाईच्या रडण्याचा आवाज येत होता आणि काचेवरून थेंब ओघळत होते. खरं सांगतो, मीही दाराशीच थबकलो.

मी धम्मानंद. जरीपटका भागात टीव्ही दुरुस्त करतो. गोपाळरावांच्या सुनेनं, पायलनं, चोरून फोन केला होता. "दादा, लवकर या. टीव्हीत सासूबाई दिसून राहिल्या म्हणून मले दवाखान्यात जाऊ देत नाही." नववा महिना, पायांवर सूज, रक्तदाब वाढलेला. डॉक्टरांनी आजच भरती व्हायला सांगितलं होतं.

कवडू महाराज नावाच्या बुवानं भगव्या कापडात गुंडाळलेली 'दिव्य ज्योत' पडद्यावर धरली. "पाहा! महिन्यापूर्वी गेलेली तुमची रुखमाबाई!"

काळ्या काचेत डोईवर पदर घेतलेली बाई हलली. बाया किंचाळल्या. माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाले बोलू!

"माय नातवासाठी रडून राहिली," बुवा घुमू लागला. "तीन दिवस सुनेनं इथून हलायचं नाही. अन्न नाही, गोळी नाही. हलली तं पोटातलं गेलंच समजा!"

गोपाळराव टीव्हीपुढं हात जोडून बसले होते. कोपऱ्यात पायल डोळे चोळत म्हणाली, "दादा, मले दोन-दोन दिसून राहिलं."

आता मला टीव्हीची नाही, तिच्या जिवाची भीती वाटू लागली. मी रिमोट उचलून चॅनल बदलला. रडणं थांबलं, क्रिकेटची कॉमेंट्री सुरू झाली. "महाराज, आता दाखवा."

बुवा ज्योत पाठीमागे लपवू लागला. मी माझ्या मोबाईलचा टॉर्च काचेवर तिरपा धरला. आत एक बॉलर धावत होता.

"काका, रुखमाबाई बॉलिंग करून राहिल्या काय?"

मी बुवाच्या हातून ज्योत ओढली, कापड सोडलं. आत साधी बॅटरी!

"चित्र चालूच आहे," मी म्हणालो. "त्याच्यामागचे दिवे गेलेत. बाहेरून उजेड टाकला की पुसट दिसते. आम्ही रोज असंच तपासतो. रडत होती ते मालिकेतली बाई."

"अन् हे पाणी?" कोणीतरी विचारलं.

खिडकीतल्या कूलरचं तोंड थेट टीव्हीकडे होतं. मी कूलर बंद केला, काच पुसली. नवा थेंब आला नाही. याच ओलाव्यानं दिवे खाल्ले होते.

"मंग ते रुखमा नव्हती गा?" गोपाळरावांनी विचारलं.

"नाही काका."

म्हातारा ढसाढसा रडला. "मले वाटलं, एकडाव तरी दिसली." मग धोतरानं डोळे पुसून उठला. "चाल वं बेटा. पिशवी कुठी हाय तुही?"

ऑटो निघाला तोवर बुवा पसार झाला होता.

त्याच संध्याकाळी पायलला मुलगी झाली. तासभर उशीर झाला असता तर मायलेकी दोघीही हाती लागल्या नसत्या, असं डॉक्टर म्हणाल्या. मुलीचं नाव उन्नती ठेवलं. टीव्ही अजून माझ्या दुकानात पडून आहे, नातीपुढे गोपाळरावांना तो न्यायला सवड नाही.

बाबांनो, भीती कोणालाही वाटते, मलाही वाटली. पण गोळी बंद करा म्हणणाऱ्याच्या हातातलं कापड आधी सोडून पाहा, आणि आजारी माणसाला दवाखान्यात न्या.