ऐकू न येणारी बस

डेपोत प्रोपेन गॅसवर चालणारी पहिली बस आली आणि ती नऊ नंबरच्या मार्गाच्या ड्रायव्हरला मिळाली. पहिल्याच सकाळी त्याने किल्ली दोनदा फिरवली. इंजिन आधीच चालू झालेलं होतं. स्टार्टरने किंचाळून ते त्याच्या लक्षात आणून दिलं. एकोणीस वर्षं डिझेल चालवलेल्या माणसाने अंगातली हाडं खुळखुळल्याशिवाय गाडी चालू झाली हे मानायचं तरी कसं?

तीनच दिवसांत त्याने ते मानलं. संध्याकाळी घरी गेल्यावर हातातला कप बशीवर वाजेनासा झाला. शर्टाची कॉलर काळी होईना. बायकोने ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "अहो, कामावरच जाता ना?" टाकी ऐंशी टक्केच भरायची, वरची जागा गॅसला फुगायला मोकळी सोडायची, हा नियम तर त्याला इतका पटला की तो जेवणालाही लावावा असं त्याच्या मनात आलं. मनात येऊन गेलं, एवढंच. निवृत्तीला चार वर्षं उरली होती आणि ती याच बसवर काढायची, यापलीकडे त्याचं देवाकडे काही मागणं नव्हतं.

फक्त, आता मागचं बोलणं ऐकू यायला लागलं होतं.

कंडक्टर त्याचा व्याही. एकोणीस वर्षांपासून बसवरचा सोबती, आणि तीन वर्षांपूर्वी ड्रायव्हरची मुलगी त्याच्या घरी सून म्हणून गेल्यापासून व्याही. घरी बायकांसमोर अहो-जाहो, बसमध्ये अरे-तुरे. डिझेलवर ओरडून ओरडून कंडक्टरचा आवाज कायमचा मोठा झाला होता. लग्नात तो कुणाच्या कानात काही सांगायचा, तेव्हा शेवटच्या रांगेतले पाहुणे माना डोलवायचे.

तिसऱ्या दिवशी तो आवाज म्हणाला, "बारा मीटरची बस गल्लीत वळवतो हो हा! आणि मुलीचं ठरवायला आमच्याकडे आला, तर स्कूटर थेट आमच्या फाटकात घातली. फाटक बंद! बरं, घातली ती घातली, वर फाटकालाच म्हणतो..."

"सॉरी!" मागून चार-पाच प्रवाशांनी वाक्य पुरं केलं. म्हणजे गोष्ट पाठ होती.

शेवटच्या स्टॉपवर ड्रायव्हरने विचारलं, "किती दिवस सांगतोयस हे?"

"तीन वर्षं. का, तुला ऐकू येत नव्हतं?"

"डिझेल होतं!"

"मला वाटलं, तू मोठ्या मनाने घेतोयस."

"बंद कर. आणि फाटक उघडं होतं."

"जशी आपली इच्छा, व्याहीबुवा," कंडक्टर म्हणाला. बसमध्ये व्याहीबुवा म्हणजे प्रकरण गंभीर होतं. दुसऱ्या दिवसापासून तो मौनी साधूसारखा तिकिटं फाडू लागला.

आणि तक्रारी सुरू झाल्या. दोन आठवड्यांत अकरा, सगळ्या एकच: नऊ नंबर येत नाही. ती तर मिनिटाला मिनिट धरून येत होती! पण जुनी बस बेकरीच्या कोपऱ्यावर खोकली की लोक घरात चपला घालायचे. ही खोकतच नव्हती. हॉर्न वाजवावा, तर मार्गावर एक रुग्णालय आणि दोन शाळा, सगळीकडे हॉर्नला बंदी.

डेपो मॅनेजरने दोघांना बोलावलं. "बसवर स्पीकर लावून त्यातून डिझेलचा आवाज सोडायचा प्रस्ताव आहे. समिती नेमली आहे."

"किती दिवस लागतील, साहेब?" ड्रायव्हरने विचारलं.

"आधी समितीला अध्यक्ष मिळू दे. तोवर असं करू, सोमवारपर्यंत तक्रारी थांबल्या नाहीत तर ही बस विमानतळाच्या मार्गाला. तुमची जुनी आहेच उभी."

शनिवारी सकाळी बेकरीचा कोपरा आला, तसा ड्रायव्हरचा धीर सुटला. "सोमवारी बस जाणार, आणि तुझं तोंड वाकडं ते वाकडंच!"

"तोंडाला कुलूप तुम्ही घातलंत, व्याहीबुवा."

"कारण तू खोटं सांगतोस. फाटक उघडं होतं!"

"बंद होतं!" अठरा दिवस कोंडलेला आवाज सुटला. बेकरीच्या छपरावरची कबुतरं उडाली. "कडी मी स्वतः लावली होती, या हाताने!"

तिसऱ्या स्टॉपसमोरच्या घरातून एक निवृत्त मुख्याध्यापिका धावत आल्या. एक चप्पल पायात, एक हातात. "आलात एकदाचे! रोज दाराला कान लावून बसते मी. आज तुमचं फाटक ऐकलं आणि धावत सुटले." त्यांच्यामागून आणखी चौघं आले.

ड्रायव्हरने गाडी हलवली नाही. त्याला आठवलं, पहिल्या तीन दिवसांत, गोष्ट चालू होती तोवर, एकही तक्रार आली नव्हती. त्याने एकदा जराही न थरथरणाऱ्या स्टिअरिंगकडे पाहिलं, एकदा आपल्या पांढऱ्या कॉलरकडे.

"पुढच्या दारात उभा राहा," तो म्हणाला. "तोंड बाहेर काढ. आणि सांग."

"काय सांगू?"

"फाटकाचं." मग, घाईने, "ऐंशी टक्केच सांग. ते सॉरी राहू दे."

"सॉरीशिवाय त्यात काय राम आहे रे?"

तो 'रे' अठरा दिवसांनी आला होता. ड्रायव्हरने गिअर टाकला. "बरं. सांग तेही."

सोमवारी एकही तक्रार आली नाही. पुढच्या सोमवारी एक आली, सहाव्या स्टॉपवरून: बस वेळेवर येते, परंतु आमच्यापर्यंत पोचेतो गोष्ट निम्मी झालेली असते, तरी योग्य ती कारवाई व्हावी.

मॅनेजरने कागद दोनदा वाचला. "हे फाटकाचं काय प्रकरण आहे?"

कंडक्टरने ड्रायव्हरकडे पाहिलं. खिडकीतून पलीकडे बस दिसत होती, धुतलेली, नऊ नंबरची पाटी लावलेली.

"बंद होतं, साहेब," ड्रायव्हर म्हणाला, आणि जाऊन आपल्या सीटवर बसला. किल्ली त्याने एकदाच फिरवली.