कोठीवरची यादी

पोळा होऊन चार दिवस झाले होते आणि साधना धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून कुंपणाच्या तारेला पीळ घालत होती. पक्कड सासऱ्याची, जुनी, दांड्याला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. डुकरं शिरली होती आणि सोयाबीनच्या चार ओळी लोळवून गेली होती. काळी जमीन पाणी पिऊन अशी फुगली होती की पाय उचलला तर चप्पल मागंच राहायची. म्हणून तिनं चपला कडुलिंबाखाली काढून ठेवल्या होत्या आणि चार वर्षांच्या खुशीला त्यांची राखण करायला बसवलं होतं. दर थोड्या वेळानं ती मान वळवून पाही. पोरगी जागेवर आहे ना, झाडाच्या बुडाशी काही वळवळत तर नाही ना.

शेजारच्या वावरातली वच्छलाबाई निंदण सोडून धुऱ्यावर आली, कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय व साधना, हे काम तर रत्नाचं हाये ना? दसऱ्याले येऊन राह्यला म्हन्ते थो."

"येनार हायेत. म्हनूनच करून राह्यली काकू."

"म्हनूनच?" वच्छलाबाईला ते काही उमगलं नाही. "माह्या घरी मानूस येनार असता तर मी चांगले तार तोडून ठेवले असते."

साधना हसली आणि पुढच्या खुंटाकडे सरकली.

बोरी अरबपासून दोन कोसांवरच्या त्या गावात साधनाचं घर म्हणजे तीन माणसं. ती, खुशी आणि सासरे धर्मपाल, ज्यांना ती मामाजी म्हणायची. चौथा माणूस, साधनाचा नवरा धम्मरत्न, गावाचा रत्ना, पलटणीत. तो घरात होता तो कोठीवर. मधल्या खोलीत धान्याची पत्र्याची कोठी होती आणि घरात काही मोडलं, गळलं, अडलं की मामाजी खडू घेऊन तिच्यावर लिहीत. छप्पर. मोटर. न्हानीचा दरवाजा. सासू होती तेव्हा ती सांगायची आणि मामाजी लिहायचे. सासू गेली, लिहिणं सुरू राहिलं. रत्ना सुट्टीवर आला की ट्रंक दाराशी टेकवायचा, पाणी प्यायच्या आधी कोठीपुढं उभा राहायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाह्या वर करायचा.

मागच्या सुट्टीत तो कवेलू बदलायला छपरावर चढला होता. खालून त्याचा दोस्त शाम विचारत होता, किती दिवसाची सुट्टी. तो वरून म्हणाला, "कायची सुट्टी बाप्पा, मजुरीवर आलो." सगळे हसले. मामाजीसुद्धा हसले. शिडी धरून उभी असलेली साधना तेवढी हसली नाही. अठ्ठावीस दिवसांतले वीस दिवस त्या यादीत गेले होते. संध्याकाळी तो ताटावरच पेंगायचा. खुशीनं बाप पाहिला तो जास्त करून खालून, शिडीवरचे दोन पाय.

आणि यंदा त्याची नोकरीची सतरा वर्षं पुरी होत होती. पलटणीत कागद भरून द्यायचा होता. अजून दोन वर्षं राहायची तयारी असली तर विलिंग लिहायचं, नसली तर अनविलिंग आणि घरी यायचं. फोनवर त्यानं हे हवापाणी सांगावं तसं सांगितलं आणि मग विचारलं, "तू काय म्हनते?"

साधनाच्या जिभेवर एकच शब्द होता. या. पण तिनं बी.ए. केलं होतं दारव्ह्याच्या कॉलेजात आणि तिला एका गोष्टीच्या दहा बाजू दिसायच्या. वच्छलाबाईचा भाचा गोपाल असाच पलटण सोडून परत आला होता. आता मुकुटबनकडे कुठल्याशा कारखान्याच्या फाटकावर चौकीदार म्हणून शिटी घेऊन बसतो आणि सणासुदीला बायकोला ऐकवतो की तू बोलावलं म्हणून आलो, नाही तर हवालदार झालो असतो. आयुष्यभर ते ऐकायची साधनाला भीती वाटली. ती म्हणाली, "तुमाले वाटते थे करा."

तोंडानं म्हणायचं नाही, असं तिनं ठरवलं. घरालाच म्हणू द्यायचं. यंदा तो येईल तेव्हा त्याला कुठलंच काम नसेल. तो बसेल, पोरीला खांद्यावर घेईल, दोन घास गरम खाईल, आणि त्याला वाटेल की इथंच राहावं.

मग ती त्या यादीच्या मागं लागली. कुंपण ताणलं. विहिरीवरची मोटर बोरी अरबला नेऊन तिचं वाइंडिंग भरून आणलं. खुशीच्या जन्मदाखल्यावर आडनाव चुकलं होतं, त्यासाठी पोरीला कडेवर घेऊन तीनदा दारव्हा केला. न्हाणीच्या दरवाजाचे कब्जे, म्हणजे बिजागऱ्या, नवे आणले आणि स्क्रू पिळायचा पेचकस धरून स्वतः बसवले, तळहाताला फोड आला तरी. एकेक काम झालं की ओलं फडकं घेऊन कोठीवरची ती ओळ पुसायची.

मामाजी खाटेवरून पाहत राहायचे. एकदा म्हणाले, "समदं नोको पुसू व. राहू दे एखांदं."

तिला वाटलं, आपल्याच्यानं होईल का, याची म्हाताऱ्याला शंका येते. तिनं उरलेली शेवटची ओळही पुसली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी धम्मरत्न आला. ट्रंक टेकवली, सवयीनं कोठीपुढं जाऊन उभा राहिला. पत्रा धुऊन पुसून चकचकत होता. त्यानं त्यावरून हात फिरवला.

"काहीच नाही?"

"काहीच नाही," साधना म्हणाली. आवाजातला आनंद तिला लपवता आला नाही. "तुमी फक्त बसा."

तो बसला. पहिले दोन दिवस चांगला बसला. तिसऱ्या दिवशी उगाच न्हाणीचं दार उघडून पाहिलं, लावून पाहिलं. चौथ्या दिवशी वावरात जाऊन कुंपणाच्या तारा एकेक ओढून पाहिल्या आणि परत आला. सोयाबीन काढायला तो वावरात उतरला तर मजूर बायांची सोय तिनं आधीच लावलेली, मळणी यंत्राचा नंबर लागलेला. बाया त्याला म्हणायच्या, भाऊ, तुमी सावलीत बसा. तो सावलीत बसायचा.

आठव्या दिवशी अंगणात खुशीच्या झोक्याची दोरी सुटली. बाप हाताच्या अंतरावर बाजेवर बसलेला. पोरगी त्याच्या गुडघ्याला घासून पळत चुलीपाशी आली. "मम्मी, दोरी सुटली." साधनानं तिच्या डोक्यावरून पाहिलं. त्याचा हात अर्धा पुढं आला होता. तो तसाच मागं गेला आणि त्यानं गुडघा खाजवला.

अकराव्या दिवशी तो केस कापायला म्हणून दारव्ह्याला गेला. संध्याकाळी आला तेव्हा केस होते तेवढेच होते. साधनानं ते दारातच पाहिलं. विचारावं म्हणून दोनदा तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा चहा घेता का, एवढंच विचारलं.

सुट्टी संपायला दोन दिवस राहिले तेव्हा दोघं ट्रंक भरत होती. ती कपडे घडी करून देत होती, तो रचत होता. खाली पाहत तो म्हणाला, "कागद पाठवला मी. दारव्ह्याहून. विलिंग लिहून."

तिच्या हातातली घडी तशीच राहिली. "काहून?"

त्यानं बनियन ट्रंकेच्या कोपऱ्यात दाबलं.

"कोठी कोरी होती," तो म्हणाला. "मी येतानी अनविलिंग लिहून आनलं होतं. पेन्सिलीनं. घरी जाऊन पाहू न् मंग पेनानं गिरवू म्हटलं. अठी आलो तं तुमचं चालून राह्यलं. चांगलं चालून राह्यलं. तठी पलटनीत सकाळी उठलो का माह्या नावानं ड्युटी लागलेली असते. अठी उठून काय करावं, थेच कळे ना."

"मजुरीवर आलो म्हनले होते तुमी. कवेलूवर बसून."

"थे तर हासत म्हटलं होतं मी."

"मले नव्हतं आलं हासू."

त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. "मंग बोलली काहून नाही? फोनवर विचारलं होतं ना तुले मी."

विचारलं होतं. साधनानं हातातली घडी मोडून पुन्हा घातली. बाहेर मामाजी तुरीच्या शेंगा पाहून आलेल्या कुणाशी तरी मोठ्यानं बोलत होते.

"परत घेता येते का कागद?"

"गेला थो वर," तो म्हणाला. "दोनच वर्सं हायेत." आणि त्यानं ट्रंकेचं झाकण लावलं.

तो गेला. वेचणी लागली. कापसाची बोंडं फुटून वावर पांढरं झालं, सकाळी बोटांना दहिवर लागायचं. वच्छलाबाई धुऱ्यावरून विचारायची, काय म्हन्ते रत्ना, आणि साधना म्हणायची, बरे हायेत. धुऱ्याच्या दोन बाजूंनी दोघी समोरासमोर वेचत यायच्या आणि आपापल्या ओळीनं पुढं जायच्या. घरात सगळं धड होतं. दार लागायचं, छप्पर गळत नव्हतं, मोटर चालायची, आणि साधनाला वाटायचं, आपण एकेक ओळ करून माणूस पुसला.

अशाच एका सकाळी रत्नाचा फोन आला. काय चालू आहे, त्यानं विचारलं. ती नेहमी म्हणायची, सगळं बरोबर आहे. आज शब्द तोंडापर्यंत आले आणि तिनं ते गिळले.

"मोटर आवाज करून राह्यली," ती म्हणाली. करत होतीच थोडी, दोन दिवसांपासून.

"कसा आवाज?" त्याचा आवाज एकदम जवळ आला. "घासल्यावानी का ठोकल्यावानी? चालू करतानी येते का बंद करतानी?" तो कितीतरी वेळ त्या आवाजाबद्दलच विचारत राहिला. मग म्हणाला, "मिस्तरीले नोको दाखवू. चालते थोवर चालू दे. लिहून ठेव कोठीवर. आनि?"

"आनि धुऱ्यावरचा एक खुंट हालते."

"लिही. आनि?"

ती घरभर नजर फिरवत राहिली. "पाहून सांगते," ती म्हणाली.

फोन ठेवून तिनं कोनाड्यातला पेचकस घेतला आणि न्हाणीच्या दारापाशी गेली. स्क्रू तिनंच आवळलेले, हलेनात. खाटेवरून मामाजी उठले. येऊन दोन्ही हातांनी दार वर उचलून धरलं, म्हणजे कब्ज्यावरचा भार कमी झाला, आणि स्क्रू फिरला. वरचा कब्जा सुटला तसं दार एका अंगानं कललं.

मामाजींनी खिशातून खडूचा तुकडा काढला. तो त्यांच्या खिशात किती दिवसांचा होता कोण जाणे. त्यांनी तो तिच्या हातात दिला.

साधनानं कोठीवर लिहिलं. मोटर. खुंट. न्हानीचा दरवाजा. खुशीनं हट्ट केला म्हणून तिचा हात धरून चौथी ओळ लिहिली, झोका.

आंघोळीला जाताना आता दाराला आतून बादली टेकवावी लागणार होती. रत्ना येईपर्यंत. साधनानं बादली उचलली आणि कुठं टेकवली की नीट बसते, ते पाहू लागली.