बाळसं

"बाईसाहेब, पाजायला बाई ठिवताना तिचं दूध बघताय, तसं तिचं पोर कुनाकडं टाकलंय तेबी बघा," स्वयंपाकीण मिसेस टॅगर्ट म्हणाली होती. लव्हिनियाने मानही वर केली नाही. "ते डॉक्टरसाहेब बघतील," म्हणत ती बाळाच्या टोपीची लेस निवडत राहिली.

डॉक्टरसाहेबांनी बघितलं होतं ना! तिच्या नवऱ्याने, डॉ. अँब्रोज फेनविकने, पाजायला आलेल्या केझायाला खिडकीपाशी उभं करून तिचे दात तपासले, दुधाचा थेंब नखावर घेऊन तो किती घट्ट आहे ते पाहिलं. मग तिच्या कडेवरची मर्सी स्वतःच्या मांडीवर घेतली. चार महिन्यांची गुबगुबीत पोर! त्याने मांडीला चिमटा काढला, तर ती खुदकन हसली. "वा! याहून चांगलं प्रशस्तिपत्र कोणतं?" म्हणत त्याने केझायाला कामावर ठेवलं आणि ते प्रशस्तिपत्र त्याच दिवशी घराबाहेर काढलं. पाजणारीचं मूल घरात राहिलं तर ती चोरून त्यालाच पाजते. भेटू दिलं तर तिचं मन चळतं, दूध बिघडतं. राणीच्या अमदानीत न्यूकॅसलमधल्या साऱ्या बड्या घरांचा हाच नेम होता. मर्सी नदीकाठच्या गल्लीत मिसेस क्रॅबकडे गेली. ती अशी पोरं सांभाळायची.

लव्हिनियाला दूध नव्हतं असं नाही. छातीला पट्टे आवळून ते जिरवलं होतं. "फेनविकांच्या सुना पाजत नाहीत," सासूबाईंनी बजावलं होतं, "आपण काय गवळ्याच्या गाई आहोत?"

लव्हिनियाचा रूपर्ट मात्र केझायाच्या दुधावर बाळसं धरत होता. तरी लव्हिनिया उठता-बसता त्याच्या नाकापाशी बोट धरून श्वास बघायची, दुपटं चाचपायची. त्याला एक शिंक आली की तिचा जीव खालीवर.

त्या रविवारी जेवायला पाहुणे होते. अँब्रोजला इस्पितळात मोठी जागा मिळाली होती, आणि मटण कापता कापता सासूबाई घराण्याचं कौतुक सांगत होत्या. "सासरे डॉक्टर, आजेसासरे डॉक्टर. माझा धाकटा एडविन बॅरिस्टर. आजारपण कसलं ते ठाऊक नाही मुलांना. हाडच दणकट आमचं!"

"दोन्ही मुलांना पाजायला बाईच होती?" लव्हिनियाने विचारलं.

"मग! पारखून घेतलेली."

"त्यांच्या मुलांचं काय झालं?"

"कुणाच्या?"

"पाजणाऱ्यांच्या."

सासूबाईंनी पुदिन्याची चटणी पुढे ओढली. "अगं, अँब्रोजच्या बाईचं गेलं. एडविनच्याही बाईचं गेलं वाटतं. अँब्रोजची तर आठवडाभर डोळे गाळत बसली होती. मला धास्ती, हिचं दूध आटतंय की काय! पण दूध टिकावं म्हणून रोजची बिअर वाढवली तिची. नाही हो आटलं!"

पाहुणे हसले. अँब्रोजही हसला आणि ओठांवरची चरबी त्याने रुमालाने टिपली. लव्हिनियाने त्याच्याकडे पाहिलं. ही रुंद छाती, हे दणकट हाड, सगळं कुणाच्या तरी पोराच्या तोंडचं काढून पोसलेलं. ज्या माणसाशेजारी ती रोज झोपत होती, त्याची तिला किळस आली.

दुसऱ्या दिवशी ती टॅगर्टला घेऊन त्या गल्लीत गेली. खोलीत आंबट दुधाचा आणि मुताचा वास कोंडला होता. सफरचंदांच्या खोक्यांत पोरं निजवली होती, एकेका खोक्यात दोन-दोन. एकही रडत नव्हतं.

"माझ्याकडं गोंगाट नाही बघा, बाईसाहेब," मिसेस क्रॅबने चिकट चमचा एप्रनला पुसला. "अफूचा पाक चाटवला की संध्याकाळपर्यंत चूं करत नाहीत."

"चूं कशानं करतील? अर्धमेलं कधी रडतं का गं, भवाने!" टॅगर्ट कडाडली.

मर्सीला लव्हिनियाने ओळखलंच नाही. म्हातारीसारखा चेहरा, आणि मांडीवर अँब्रोजने जिथे चिमटा काढला होता तिथे नुसती कातडीची घडी.

तिला शालीत गुंडाळून लव्हिनियाने घरी आणलं आणि थेट नवऱ्यापुढे धरलं.

"हे काय आणलंस? रूपर्टला काही झालं म्हणजे?"

"तुमचं प्रशस्तिपत्र आहे. बघा ना. तेव्हा तर किती निरखून बघितलं होतंत!"

"वेड्यासारखं करू नकोस. परत पाठव."

"नाही पाठवायची. आज आधी ही पिईल. रूपर्ट थांबेल."

केझाया धावत आली. तिने पोरीला छातीशी घेतलं, पण मर्सीच्या ओठांत ओढायचं बळ उरलं नव्हतं. दूध गालावरून ओघळून शालीत मुरत राहिलं. लव्हिनियाने चमच्याने थेंब थेंब घालून पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मर्सी गेली.

अँब्रोज दारात आला. पोरीकडे त्याने बघितलंही नाही.

"हिचं दूध नाही ना आटणार?"

लव्हिनियाने त्याच्या तोंडावर दार लावलं आणि अंगावर शाल ओढली. "चल, टॅगर्ट," ती म्हणाली, "त्या खोक्यांत अजून पोरं आहेत. त्यांच्या आया कोणाकोणाच्या घरी आहेत, ते शोधायचंय."

तुमच्याही घरी बाळ सांभाळायला कुणी येत असेल. आत्ता ती त्याला वरणभात भरवत असेल, आणि तो नीट जेवला का, हे तुम्ही फोन करून विचाराल. आज एवढंच आणखी विचारा: तुझं कुठे आहे गं, कुणाकडे? "आहे शेजारी," असं ती म्हणेल. तेवढ्यावर सोडू नका. जाऊन बघून या.